सोमवारी बेकरी बंद असते

जोझेतने गेल्या एक्केचाळीस वर्षांत नवऱ्याची पाठ जितकी पाहिली तितकी दुसऱ्या कुठल्या बायकोने पाहिली असेल असं वाटत नाही. कारण सरळ होतं. त्यांच्याकडे जोडसायकल होती, निळी, लांबलचक, पुढे एक सीट आणि मागे एक. पुढच्या सीटवर पहिल्या दिवसापासून रोलां. हँडल त्याचं, ब्रेक त्याचे, घंटी त्याची, कुठे वळायचं आणि कुठे थांबून कॉफी प्यायची हे ठरवणंही त्याचंच. मागच्या सीटवरच्या जोझेतकडे पायडलं होती, खाण्याची पिशवी होती आणि तोंड होतं. तोंडाचा उपयोग ती भरपूर करायची.

"रोलां, जरा हळू. सफरचंद कापतेय मी."

"हळूच चाललोय. याच्याहून हळू गेलो तर आडवे होऊ."

"आडवा तू हो. मी पिशवी घेऊन उडी मारीन."

मग ती त्याच्या खांद्यावरून एक फोड पुढे करायची, तो मान न वळवता तोंड उघडायचा आणि फोड बरोबर आत जायची. हे सगळं चालत्या सायकलवर. एक्केचाळीस वर्षांत दोनदाच नेम चुकून फोड कानात गेली होती, आणि दोन्ही वेळा चूक रस्त्याची होती असं दोघांचंही मत होतं.

सप्टेंबरातली ती सकाळ अगदी लोण्यासारखी होती. सेले नदी डाव्या हाताला, उजव्या हाताला पिवळट कडे, मध्ये अक्रोडाची झाडं आणि त्यांच्यातून वाट काढत गेलेला रस्ता. मागच्या कॅरिअरवर जोझेतने केलेला अक्रोडाचा टार्ट फडक्यात बांधून ठेवला होता. मोंतारेलला नदीकाठी जुन्या सायकलवाल्यांचं वर्षाचं जेवण होतं. साठीच्या खालचं त्यात कुणी नाही, आणि जेवणाला एकच नियम: जो पहिला पोहोचेल त्याने सगळ्यांची भांडी घासायची. त्यामुळे त्या दिवशी सगळ्या खोऱ्यात म्हातारे सायकलवाले झाडाखाली बसून, नदीत पाय सोडून, ओळखीच्या दारात गप्पा मारून वेळ काढताना दिसायचे. गेल्या वर्षी भांडी घासावी लागली त्या ओबां नावाच्या गृहस्थाने नंतर शपथेवर सांगितलं की वारा पाठीमागून होता, त्याचा इलाज नव्हता.

एरवी हे जेवण रविवारी असायचं. या वर्षी नेमका त्याच रविवारी शिकारीचा हंगाम उघडला. निम्म्या मंडळींचे जावई बंदुका घेऊन झुडपात शिरणार, आणि त्यांच्या नेमबाजीवर सासऱ्यांचा काडीचा विश्वास नव्हता. म्हणून जेवण सोमवारी ठरलं. एका दिवसाने काय बिघडतं, असं सगळेच म्हणाले.

रोलांला तर खोऱ्याचा हा रस्ता तळहातासारखा पाठ. सदतीस वर्षं त्याने इथे टपाल वाटलेलं. कुठल्या घराचं फाटक करकरतं, कुठला कुत्रा नुसताच भुंकतो आणि कुठला पोटरी धरतो, सगळं तोंडपाठ. रस्त्याने जाताना तो अजून दारोदार बोंजूर घालत जायचा.

"बोंजूर, मस्यो फाब्र! काय म्हणतायत टोमॅटो?"

जोझेतने वळून बघितलं. टोमॅटोच्या वाफ्यात मस्यो फाब्र नव्हते. त्यांचं जुनं जाकीट घातलेलं बुजगावणं होतं.

ती खो खो हसली. रोलांही हसला, पण जरा उशिरा हसला. तो उशीर तिच्या नजरेतून सुटला नाही.

ही पहिली वेळ नव्हती. उन्हाळ्यात त्याने दोनदा दूध कपाच्या शेजारी ओतलं होतं. वर्तमानपत्र वाचायचं सोडलं होतं, म्हणे बातम्या सगळ्या त्याच त्या. पत्त्यांच्या डावाला जायचा बंद झाला होता, म्हणे तिथे लबाडी चालते. जोझेत काही दुधखुळी नव्हती. शाळेच्या खानावळीत तीस वर्षं तिने स्वयंपाक केला होता, कुठल्या पोराने पालक रुमालात लपवलाय हे तिला पाठमोरं असताना कळायचं. पण रोलांला विचारायला तिची जीभ रेटत नव्हती, कारण विचारलं की काय होणार हे तिला ठाऊक होतं.

गेल्या वर्षी याच जेवणाला त्यांच्यातलाच देल्पेश आला होता, खुब्याचं ऑपरेशन करून, मोटारीतून. लोकांनी त्याला खुर्ची दिली, मांडीवर शाल घातली, सगळे त्याच्याशी हळू आवाजात बोलायला लागले. परतताना रोलां म्हणाला होता, "ज्या दिवशी मला कुणी या पुढच्या सीटवरून उतरवेल त्या दिवशी ही सायकल गोठ्यात आणि मी आरामखुर्चीत. मग मला नदीबिदी काही दाखवायची नाही." आणि रोलां बोलला की बोलला. सिगारेट त्याने असंच एका वाक्यात सोडली होती, आणि सख्ख्या भावालाही.

जोझेतला त्या गोठ्याची भीती वाटायची. पडण्याची नाही, हाडं मोडण्याची नाही, गोठ्याची. घरी ती दोघं फारशी बोलत नसत. घरात टीव्ही बोलायचा, घड्याळ बोलायचं. सायकलवर मात्र ती दोघं पहिल्या वर्षी भांडत, हसत, एकमेकांना टोमणे मारत होती तशीच अजून होती. सायकल गेली असती तर हे सगळं गेलं असतं. म्हणून ती गप्प बसली आणि सफरचंदाची दुसरी फोड कापली.

"बघ गं, मागून कुणाची गाडी येतेय?" रोलांने विचारलं.

"कुणाची नाही. पुढून ट्रॅक्टर येतोय. अगं बाई, केवढा गवताचा भारा! सगळा रस्ता अडवलाय मेल्याने."

रोलांने सायकल कडेला घेतली, ट्रॅक्टर गेला, पुन्हा रस्त्यावर घेतली. झकास चालवली.

सां-पेर गाव आलं. इथे रस्ता फुटतो. डावीकडे वळलं की पूल ओलांडून मोंतारेल, सरळ गेलं की चढ लागतो आणि मग कुणाच्या तरी शेतात संपतो. दर वर्षी रोलां या कोपऱ्यावर नाक वर करायचा, "आहाहा, पाव!" म्हणायचा आणि डावीकडे वळायचा. आज तो काहीच म्हणाला नाही. सायकल सरळ गेली.

"अरे, वळ ना!"

"अजून पुढे आहे."

"पुढे कुठे? मागे राहिलं!"

"जोझेत, या गावात मी टपाल वाटलंय की तू?"

पायडल मारून मारून दोघांची दमछाक झाली. मग चढ संपला, उतार लागला, उताराच्या तळाशी उघडं फाटक होतं आणि फाटकाच्या आत दोनशे बदकं. कुणी बाजूला व्हायचं यावर बदकांचं एकमत होईना. रोलांने ब्रेक दाबले. जोझेतने डोळे मिटले आणि टार्टवर एक हात ठेवला. पंखांचा फडफडाट, कलकलाट, पिसंच पिसं, आणि शेवटी सायकल गवताच्या गठ्ठ्याला टेकून उभी राहिली. बदकं सगळी जिवंत होती आणि सगळी एकदम तक्रार करत होती.

"हा जवळचा रस्ता आहे," रोलां पिसं झटकत म्हणाला.

"कुठे जायला? कढईत?"

घरातून गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घातलेली पन्नाशीची एक धिप्पाड बाई बाहेर आली. मादाम आल्बारेल, बदकांची मालकीण. तिने आधी बदकांकडे बघितलं, मग सायकलकडे, मग या दोघांकडे.

"मोंतारेलच्या जेवणाला निघाला असाल तुम्ही. मग बेकरीपाशी डावीकडे वळायचं होतं, मस्यो."

"बेकरी होती कुठे?" रोलां बोलून गेला.

"होती कुठे म्हणजे? माझ्या जन्माच्या आधीपासून आहे तिथेच आहे. सोमवारी बंद असते, पण बंद असते म्हणून ते लोक घर उचलून नेत नाहीत."

आणि जोझेतला सगळं कळलं. सोमवार. भट्टी थंड. कोपऱ्यावर वास नव्हता. हा माणूस पावाच्या वासावर वळत होता.

"मादाम," ती शांतपणे म्हणाली, "थोडी कॉफी मिळेल का?"

मादाम आल्बारेल समजूतदार होती. कॉफी करायला तिने भरपूर वेळ घेतला.

"रोलां, त्या बाईंच्या एप्रनचा रंग कुठला?"

"परक्या बायकांच्या कपड्यांकडे मी बघत नाही."

"रोलां."

तो एका उपड्या बादलीवर बसला. टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली. हा माणूस असा कुणी बस न म्हणता खाली बसलेला जोझेतने कधी पाहिला नव्हता.

"मध्ये डाग आहे," तो म्हणाला. "जिकडे बघावं तिकडे बरोबर मधोमध. कडेचं दिसतं सगळं. रस्त्याची कड दिसते, गवत दिसतं, भिंत दिसते. मी ज्याच्याकडे बघतो तेवढंच दिसत नाही."

"कधीपासून?"

"झाली दोनेक वर्षं."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"शहरात, काहोरला. तुला मासे आणायला जातो म्हणून सांगितलं होतं तेव्हा."

"मासे आणले होतेस तू!"

"येताना घेतले."

"आणि डॉक्टर काय म्हणाला?"

"ठार आंधळा होणार नाही म्हणाला. मोटार सोडा म्हणाला. सायकलीचं मी विचारलंच नाही."

आता मात्र जोझेतचा पारा चढला. दोन वर्षं! दोन वर्षांतले सगळे उतार तिच्या डोळ्यांसमोरून भराभरा गेले. "मागच्या जूनमध्ये कड्याच्या उतारावर आपण केवढ्या वेगाने आलो, आठवतंय? मी मागे बसून केस नीट करत होते, रोलां! केस! मला वाटलं, पुढे नवरा बसलाय, डोळ्यांत तेल घालून बसलाय!"

"तू बोलत होतीस ना."

"काय बोलत होते?"

"सगळंच. अगं बाई ट्रॅक्टर, अगं बाई केवढी गाय, तो बघ पाणी साचलंय कसं. मी विचारायचो आणि तू सांगायचीस. तुझ्या तोंडावर चालवत होतो मी सायकल. तू कधी गप्प बसली असतीस तर आपण केव्हाच नदीत गेलो असतो."

तिला हसू आलं आणि त्याच क्षणी त्याचा भयंकर राग आला, आणि दोन्ही एकदम आल्याने तोंडातून विचित्रच आवाज निघाला. जवळचं एक बदक लांब सरकलं.

"मला सांगायचं नाहीस?"

रोलां टोपी हातात फिरवत राहिला.

"घरी टेबलाशी तू समोर बसतेस," तो म्हणाला. "मी तुझ्याकडे बघतो. आवाज येतो, चेहरा नसतो. डाग बोलतो माझ्याशी. रोज सकाळी, रोज संध्याकाळी. सायकलवर तू मागे असतेस. मागच्या माणसाचा चेहरा कुणालाच दिसत नाही. इथे मी पूर्वीचाच असतो."

जोझेतला वाटलं, त्याचं डोकं पोटाशी धरावं आणि रडून घ्यावं. पण अशा वेळी याला कुरवाळलं तर तो कायमचा आरामखुर्चीत जाऊन बसेल, हे तिला चांगलं माहीत होतं. ती उठली, सायकलपाशी गेली आणि पुढच्या सीटवर हात ठेवला.

"मादाम आल्बारेल! पाना आहे का घरात? ही सीट खाली करायचीय."

"जोझेत, नाही."

"मी पुढे बसते. तू मागे बस."

"मी सांगितलंय तुला. ज्या दिवशी..."

"ऐकलंय मी. गोठा, आरामखुर्ची, सगळं ऐकलंय. बरं, तू नको येऊस. मी टार्ट घेऊन जाते जेवायला. तू बदकं राख."

मादाम आल्बारेलने पाना आणला आणि सीट चार बोटं खाली केली. कॉफी तिने रोलांच्या हातात अचूक दिली, कप त्याच्या बोटांना टेकेपर्यंत सोडला नाही. जोझेतने हँडल धरलं. बहात्तराव्या वर्षी हँडल धरायची तिची ही पहिलीच वेळ होती. तिने देवाचं नाव घेतलं आणि पायडल मारलं. सायकल उजवीकडे गेली, मग डावीकडे, मग शेणाच्या ढिगाकडे. बदकांनी या वेळी एकमताने पळ काढला.

"ब्रेक! ब्रेक हातात आहेत, मादाम, हातात!" मादाम आल्बारेल ओरडली.

दुसऱ्या फेरीत तिने अंगण ओलांडलं. तिसऱ्या फेरीत घंटी सापडली, ती वाजवली, आणि सायकल फाटकातून बाहेर रस्त्यावर गेली.

रोलां कान देऊन ऐकत होता. मागची पायडलं रिकामीच फिरत होती, खटक, खटक, खटक. त्याला तो आवाज सहन होईना. कॉफी तशीच ठेवून तो उठला.

"जोझेत! मागे वजन नसलं की वळणावर शेपूट फेकते ती! जोझेत, थांब!"

ती थांबली. थांबली कसली, बांधाला धडकून उभी राहिली. रोलां कुंपणाला हात लावत लावत तिच्यापर्यंत आला. दोघांनाही धाप लागली होती, आणि चालत आला होता फक्त तोच.

"पुढचा ब्रेक एकदम नाही दाबायचा," तो म्हणाला.

"मग कसा दाबायचा?"

"दाखवतो."

आणि तो मागच्या सीटवर बसला. टांग टाकताना त्याने तोंड असं केलं की जणू थंडगार पाण्यात उतरतोय.

परत सां-पेरपर्यंतचा रस्ता कुणी बघितला नाही हे बरं झालं. चढावर जोझेत रडकुंडीला आली, उतारावर रोलां. "गिअर टाक!" "कुठला?" "खालचा!" "खालचा कुठला, सगळेच खाली आहेत!" बंद बेकरीच्या कोपऱ्यावर ती आता उजवीकडे वळली तेव्हा सायकल अख्खा रस्ता खाऊन वळली. पुलावर समोरून आलेल्या गाडीवाल्याने वाट दिली, खिडकी खाली केली आणि टोपी काढली.

"मागच्याने गप्प बसायचं असतं का?" पूल संपल्यावर रोलांने विचारलं.

"मी कधी बसले होते?"

"मग उजवीकडे घे जरा. फार मधून चालतेयस."

नदीकाठचा सपाट रस्ता लागला. इथे काही करावं लागत नाही, सायकल आपोआप चालते. पॉप्लरच्या उंच झाडांच्या सावल्या रस्त्यावर आडव्या पडल्या होत्या. जोझेतच्या मुठी हळूहळू सैल झाल्या. समोर कुणाची पाठ नव्हती, रस्ता होता, अख्खाच्या अख्खा. हे सगळं इतकी वर्षं तो एकटा बघत होता तर, असं तिच्या मनात आलं, आणि मग दोन वर्षं तोही बघत नव्हता, हे आठवलं.

मागून आवाज येईना.

"रोलां?"

मागच्या पायडलांना जोर लागत होता, म्हणजे तो होता. पण बोलत नव्हता. आरामखुर्चीत जाऊन बसला हा मनातल्या मनात, असं तिला वाटलं. मोंतारेलला पोहोचल्यावर सगळ्यांसमोर उतरेल आणि सांगेल, बस, संपलं. ती आणखी जोरात पायडल मारायला लागली, जणू जोरात गेलं तर ते टळेल.

"जोझेत."

"काय?"

"हे कानातले कधी घेतलेस?"

सायकल हातभर वाकडी झाली. तिने कशीबशी सरळ केली.

"पोरीने दिलेत. माझ्या सत्तरीला."

"हिरवे आहेत."

"हिरवेच आहेत. तेव्हा तू म्हणालास, किती छान दिसतायत."

"अंदाजाने म्हणालो होतो."



"तू बघतोयस कुठे?" तिने विचारलं.

"नदीकडे. नदी दिसत नाहीये, तिथे डाग आहे. पण कडेला तू दिसतेयस. कान दिसतोय. मानेवरचे केस दिसतायत, पांढरे झालेत गं सगळे. मघाशी वळणावर गाल दिसला. घरी मी मूर्खासारखा सरळ तुझ्याकडेच बघत बसायचो."

जोझेतला मागे वळून त्याला बघायचं होतं. एक्केचाळीस वर्षांत तिला इतकी घाई कधी झाली नव्हती. पण पुढच्या सीटवर ती सोय नसते. तिच्या गालांवरून पाणी खाली येत होतं, हात हँडलवर होते, आणि पुढे मोंतारेलची पहिली छपरं दिसायला लागली होती.

"नदीकडेच बघत राहा," ती म्हणाली. "मान हलवलीस तर याद राख."